अडतीस किल्ल्या आणि एक कृष्णविवर

१ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही. मुद्द्याला धरून लिहायचं. रडगाणं गायचं नाही.

या महिन्यात कृष्णविवरांचं पुस्तक संपवायचं. नणंदेला वाटतं, हा विषय मी मुद्दाम निवडला. तिला सगळ्यातच मुद्दाम दिसतं. लायब्ररीतली कपाटं मी एका टोकापासून वाचत आले आहे. एकोणतीस वर्षांत सहा झाली, आता सातवं चालू आहे, आणि त्यात विज्ञान आहे. ज्या पुस्तकाची पाळी येते ते मी घेते. याची पाळी आता आली, एवढंच.

हॉस्पिटलला तिसरं पत्र टाकलं. ह्यांना जाऊन पाच महिने झाले. ह्यांचं सामान परत दिलं त्यात चष्मा, घड्याळ, कंगवा, स्वेटर आणि अर्धी साबणाची वडी होती. घराची किल्ली नव्हती. अर्धी वडी सांभाळून ठेवतात आणि किल्ली हरवतात. ज्या माणसाने चौतीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवलं, त्याची किल्ली. माझी माझ्याकडे आहे, अडलेलं काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

ह्यांची किल्ली कुलपात अर्धी फिरून अडायची. खट, मग जरा थांबून दुसरं खट. सगळ्या बिल्डिंगच्या किल्ल्या कानसून दिल्या, स्वतःची कानसायला वेळ झाला नाही. संध्याकाळी सातला अजून कान दाराकडे जातो. सवय आहे, दुसरं काही नाही. महिनाभरात जाईल.

२ फेब्रुवारी

सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. जिन्याखालचं ह्यांचं दुकान अठ्ठावीस तारखेपर्यंत रिकामं करून द्यायचं. तिथे पाण्याचा पंप बसणार. म्हणाले, वहिनी, मला वाईट वाटतं, पण वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही. मी म्हटलं, अठ्ठावीस कशाला, तीन दिवसांत देते. त्यांना ते खरं वाटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

पुस्तकाची वीस पानं झाली. कृष्णविवराबद्दल बाहेरून तीनच गोष्टी कळतात: वजन किती, विद्युतभार किती आणि ते फिरतं कसं. आत तारा गेला की कपबशी, ते बाहेरच्याला सांगता येत नाही. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

४ फेब्रुवारी, दुपार

दुकान उघडलं. पाच महिन्यांनी. काही वाटलं नाही. तेलाचा वास होता, तेवढाच.

समोरच्या भिंतीवर ह्यांची फळी. चाळीस हूक, अडतीस किल्ल्या. बिल्डिंगमधल्या लोकांची जुनी पद्धत आहे: प्रत्येकाने घराची एक जास्तीची किल्ली ह्यांच्याकडे ठेवायची. कोणी किल्ली आत विसरला, कोणाच्या मागे घरी कोणी आलं, तर हे उघडून देत. किल्ल्यांवर नाव नाही, नंबर नाही. चोर शिरला तर त्याला काही कळू नये म्हणून. कुठली कोणाची ते ह्यांच्या डोक्यात.

योगायोगाने कालच एन्ट्रॉपीचा धडा वाचला. एन्ट्रॉपी म्हणजे गबाळेपणाचं माप, असं मी समजते. फळीवर पाहिलं तर नुसता गबाळेपणा. लांब किल्लीशेजारी आखूड, पितळीशेजारी लोखंडी. एक तर भिंतीकडे तोंड करून उलटी टांगलेली. ह्यांच्या हातून असं व्हायचं नाही, शेवटी थकले असतील. ती सरळ केली. मग सगळ्याच खाली काढल्या आणि लांबीप्रमाणे लावल्या, आखूड डावीकडे, लांब उजवीकडे. सारख्या लांबीत पितळी आधी.

दोन तासांत काम झालं. दुरून पाहिलं. सुंदर दिसतं. एन्ट्रॉपी शून्य.

५ फेब्रुवारी

नणंद आली होती. दोन गल्ल्या सोडून राहते आणि एक दिवसाआड माझ्यावर लक्ष ठेवायला येते. तिला मोठ्या हौसेने फळी दाखवली. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, वहिनी, आता यातली कुठली कोणाची?

मी म्हटलं, तो पुढचा टप्पा आहे.

ती म्हणाली, दादा कुठल्या हुकावर कोणाची लावायचा ते तू लिहून घेतलं होतंस ना? मी म्हटलं, चहा घेणार का?

संध्याकाळी सात. धडा परत वाचला. एन्ट्रॉपी म्हणजे नुसता गबाळेपणा नाही. बाहेरून जे एकच दिसतं, ते आतून किती तऱ्हांनी मांडलेलं असू शकतं, त्याची मोजणी. ही व्याख्या पुढच्या पानावर आहे. असल्या गोष्टी आधीच्या पानावर सांगायला हव्यात. लेखकाची चूक आहे.

७ फेब्रुवारी

अडतीस किल्ल्या अडतीस हुकांवर किती तऱ्हांनी लागतील ते काढलं. अडतीस गुणिले सदतीस गुणिले छत्तीस, असं एकपर्यंत. दीड दिवस लागला, जुन्या कॅलेंडरच्या दोन पाठी भरल्या. उत्तर पंचेचाळीस आकडी. त्यातली एक तऱ्हा ह्यांची होती. तेवढी एक मी पुसली, बाकीच्या सगळ्या आहेतच. असं पाहिलं तर नुकसान फारच थोडं.

शिवाय पुस्तकात दिलासा देणारी गोष्ट सापडली. अगदी सूक्ष्म कण एकमेकांसारखे असतात. सारखे म्हणजे जुळ्यांसारखे नाहीत, जुळ्यांची आई तरी ओळखते. इथे अदलाबदल केली तर निसर्गालाही कळत नाही, म्हणून अदलाबदल झाली असं म्हणायचंच नाही. मोजताना ती एकच मांडणी धरायची. त्या हिशेबाने माझ्या हातून काहीच घडलेलं नाही.

हे नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग कुठलीही एक घे आणि कुठलंही दार उघडून दाखव. तिची विज्ञानाची बैठक कच्ची आहे.

८ फेब्रुवारी

लायब्ररीत दर शनिवारी कोणीतरी वाचलेल्या पुस्तकावर बोलतं. बावीस तारखेला मी बोलणार. विषय: कृष्णविवरं, बाहेरून आणि आतून. लायब्ररियन बाईंनी विचारलं, काकू, वीस मिनिटांत होईल? म्हटलं, पंधरा पुरतील.

९ फेब्रुवारी

योजना ठरली. प्रत्येक किल्ली प्रत्येक दाराला लावून पाहायची. जुळली की ती मालकाला द्यायची आणि पुढे जायचं. अगदी सगळं वाईट गेलं तरी सातशे एक्केचाळीस प्रयत्न. रोज शंभर धरले तर आठवड्याभरात फळी रिकामी, दुकान रिकामं, सेक्रेटरी गप्प.

संध्याकाळ: आज चौदा प्रयत्न झाले. तळमजल्यावर आजोबा आतून ओरडले, कोण आहे? म्हटलं, प्रयोग आहे. ते म्हणाले, आम्हाला नको. पहिल्या मजल्यावर कुत्रा आहे. गुडघे दुखतात. जुळलेल्या किल्ल्या: शून्य.

१० फेब्रुवारी

तीन जुळल्या. तिघांनीही किल्ली घेतली, वाईट झालं म्हणाले, दार लावून घेतलं.

हॉस्पिटलचं उत्तर आलं. "सदर वस्तू आमच्या नोंदीत आढळत नाही." एवढंच. लगेच चौथं पत्र लिहिलं. त्यात पुस्तकाचा आधार दिला. एके काळी शास्त्रज्ञांना वाटायचं, कृष्णविवरात पडलेल्या वस्तूची माहिती कायमची नष्ट होते. आता बहुतेक जण मानतात की नष्ट होत नाही, कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर येते. म्हणून लिहिलं की, महोदय, जे कृष्णविवराला जमत नाही ते, ह्यांना ठेवलं होतं त्या तुमच्या तिसऱ्या मजल्याला कसं जमलं, याचा खुलासा करावा. पत्र चांगलं झालं आहे. दोनदा वाचलं.

११ फेब्रुवारी

बातमी पसरली आहे. सकाळपासून लोक आपापली किल्ली हातात घेऊन जिन्याखाली हजर. फळीवरच्या किल्ल्यांशेजारी धरतात, दात्याशी दाता जुळवतात, ही आमची म्हणतात आणि नेतात. अकरा जणांनी नेल्या. एकेकाला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी सांगून पाहिलं की डोळ्याने जुळवणं ही शास्त्रीय पद्धत नाही, दाते झिजलेले असतात, प्रयोग दारावरच झाला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या बायकोने वर जाऊन दार उघडून दाखवलं आणि खाली येऊन म्हणाली, काकू, झाला प्रयोग.

पद्धत चुकीची, निकाल बरोबर. असं विज्ञानात होतं कधी कधी. उरल्या चोवीस.

१३ फेब्रुवारी, सकाळी दहा

आजचा धडा तापमानाचा. कृष्णविवर काळं असलं तरी पूर्ण काळं नाही. त्यातून अगदी मंद ऊब बाहेर पडत राहते, आणि जेवढी ऊब बाहेर जाते तेवढं ते लहान होत जातं. आता गंमत अशी की मोठं असेल तर गार, लहान असेल तर गरम. चहा उष्णता गमावली की निवतो. हे उष्णता गमावून आणखी तापतं. मग आणखी लवकर झिजतं, मग आणखी तापतं.

आपले सेक्रेटरी आठवले. उंची पाच फूट.

संध्याकाळी सात: सेक्रेटरींशी भांडण. ते एवढंच विचारायला आले होते की तीन दिवसांचं काय झालं. मी बरंच बोलले. नणंद मध्ये पडली. नंतर म्हणाली, वहिनी, तू अशी नव्हतीस. दिवसातून सहा वेळा जिने चढतेस-उतरतेस, एका जागी बसत नाहीस, जेवतेस उभ्याने. जरा शांत बस. मी म्हटलं, बसलेच आहे. मी तेव्हा उभी होते.

१५ फेब्रुवारी

आणखी पाच गेल्या. उरल्या एकोणीस. बरोबर निम्म्या.

हा टप्पा पुस्तकात मुद्दाम सांगितला आहे. बाहेर पडणाऱ्या उबेतून सुरुवातीला काही म्हणजे काही कळत नाही. आत काय होतं याचा पत्ता नाही, नुसती ऊब. कृष्णविवर निम्मं झिजेपर्यंत असंच चालतं. निम्म्यानंतर मात्र, हिशेबाप्रमाणे, माहिती बाहेर यायला लागते. तीही एकेकट्या तुकड्यात नाही. आधी गेलेलं आणि मागून येणारं शेजारी ठेवलं तर त्यातून अर्थ लागतो.

फळीबद्दलही एक टिपण करून ठेवते, भाषणात वापरता येईल. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पोटावर ठरत नाही, पृष्ठभागावर ठरते. आत किती कोंबलंय त्याची नोंद सगळी सालीवर. ह्यांचं दुकानही तसंच. आत डबे, कानशी, भंगार कितीही असो, सगळी बिल्डिंग त्या एका भिंतीवर होती.

१७ फेब्रुवारी

मास्तरांच्या शेजारची नर्स आली. किल्ली जुळवली. जाताना म्हणाली, काकू, माझी सलग ड्यूटी असली की काका माझ्या कुंड्यांना पाणी घालायचे, सांगितलं होतं का तुम्हाला? मी म्हटलं, हो, सांगितलं होतं.

सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

चौथ्या मजल्यावरचं जोडपं. ते बाहेरगावी असले की हे रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावून यायचे, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. सकाळी जाऊन बंद करायचे. मला वाटायचं, हे सकाळी पेपर आणायला जातात. पेपर आणायला पंचवीस मिनिटं का लागतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या शिंप्याने सांगितलं, त्याच्या माशांच्या टाकीला काकाच खाणं घालायचे. दोन बोटांनी दाखवलं, एवढंच घालायचे, जास्त नाही.

निम्म्यापर्यंत सगळे नुसतं वाईट झालं म्हणत होते. निम्म्यानंतर हे सुरू झालं. मी भाषणासाठी नोंद करते आहे.

२० फेब्रुवारी

संगीताच्या बाई किल्ली न्यायला आल्या. तिसरा मजला, एकट्या राहतात, महिन्यातून आठ दिवस मुलाकडे जातात. म्हणाल्या, तुमचे हे फार सज्जन हो. मी आधी सांगून ठेवलं होतं, घर बघायला येताच तर दहा मिनिटं बसा, रेडिओ ऐका. मी परत यायचे तेव्हा रेडिओचा काटा हललेला असायचा. जुन्या गाण्यांचं स्टेशन लावायचे.

आमच्या घरी हे कधी रेडिओ लावत नसत. आवड नाही, असं मी धरून चालले होते. मला वाचायला शांतता लागते, हे मी त्यांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकदाच. परत सांगावं लागलं नाही.

दुपारी माळ्यावरचा रेडिओ काढला. सेल नाहीत. परत ठेवला. विषय संपला.

संध्याकाळी सात वाजता खाली दुकानात जाऊन बसले. तिथे कान दाराकडे जायचा प्रश्न येत नाही.

२१ फेब्रुवारी

भाषणाची तयारी पूर्ण. तीन पानं टिपणं. प्रात्यक्षिक म्हणून फळीच घेऊन जाणार. या आठवड्यात आणखीही काही गेल्या, उरलेल्या अकरा किल्ल्या त्यावर. पृष्ठभाग म्हणजे काय ते लोकांना डोळ्यांनी दिसेल. शांत, ठाम आवाजात बोलायचं. घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत.

२२ फेब्रुवारी, रात्री आठ

भाषण उत्तम झालं. हजेरी अठरा. एरवी सात असतात. विज्ञानाची भूक आहे लोकांना.

वजन, विद्युतभार, फिरणं, एन्ट्रॉपी, सगळं व्यवस्थित सांगितलं. निम्म्यानंतर माहिती कशी बाहेर येते, त्या मुद्द्याशी आले तेव्हा कुंड्यांचं उदाहरण दिलं, ते टिपणात नव्हतं. मग माशांचं दिलं. मग रेडिओचं द्यायला लागले आणि तिथे जरा थांबले. लायब्ररियन बाईंनी पाणी आणून दिलं. हॉलमध्ये हवा फार कोरडी आहे. त्या म्हणाल्या, काकू, इथे थांबलात तरी छान वाटेल. पन्नास मिनिटं झाली होती.

प्रश्नोत्तरं झाली. पहिला प्रश्न, आमची किल्ली आत्ताच मिळेल का? दुसरा प्रश्नही तोच. अठरांतले दहा जण बिल्डिंगचे निघाले आणि दहाही आपापली किल्ली खिशात घेऊन आले होते. फळीभोवती जमले, जुळवल्या, नेल्या. चार मिनिटं. कृष्णविवर शेवटी अगदी लहान आणि अतिशय तप्त होऊन एका झटक्यात संपतं, असं पुस्तकात म्हटलंय. याहून चांगलं प्रात्यक्षिक करता आलं नसतं.

उरली एक.

२३ फेब्रुवारी

फळी परत दुकानात जागेवर लावली. उरलेली किल्ली: पितळी, मध्यम लांबी, डोकं गोल. माझी चौकोनी डोक्याची आहे, तेव्हा आपल्या घराचा संबंध नाही. बिल्डिंगमध्ये चाळीस घरं. सदतीस किल्ल्या गेल्या. तरी पूर्ण खात्री हवी म्हणून हीच एक किल्ली सगळ्या दारांना लावून पाहायची.

नणंद म्हणाली, ज्यांची त्यांना मिळाली, त्यांच्या दाराला परत कशाला लावतेस? म्हटलं, विज्ञानात कसूर चालत नाही. ती म्हणाली, मग आपल्या दाराला आधी लाव. म्हटलं, आपली एक माझ्याकडे आहे आणि दुसरी हॉस्पिटलकडे आहे. तिने माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. तिचं पाहणं फार मोठ्याने असतं.

२५ फेब्रुवारी, दुपारी चार

तीन दिवसांत सगळे मजले झाले. कुत्र्याला माझी सवय झाली आहे.

दातांच्या डॉक्टर बाईंनी कधीच कोणाकडे किल्ली दिली नव्हती, तरी त्यांनी लावू दिली. लागली नाही. सेक्रेटरींच्या दाराशी गेले. ते म्हणाले, वहिनी, माझ्या दाराची किल्ली तुमच्याकडे असणं शक्यच नाही, मी कोणाकडे देत नाही. म्हटलं, क्वांटममध्ये शक्यच नाही असं नसतं, फार कमी शक्य असं असतं. त्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले. लागली नाही.

निष्कर्ष: दारं चाळीस. तपासली एकोणचाळीस, म्हणजे सगळीच. किल्ली बिल्डिंगच्या बाहेरची आहे. प्रकरण बंद.

२६ फेब्रुवारी

लांबच्या ट्रकवरचा ड्रायव्हर तीन आठवड्यांनी घरी आला. बायकोने त्यांची किल्ली नेलीय म्हणून सांगायला, आणि उरलेले डबे-भंगार उचलायला मदत हवी का विचारायला दुकानात आला. चांगला माणूस आहे. त्या दिवशी ह्यांना हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं, स्वतःच्या गाडीतून.

रिकाम्या फळीकडे बघून म्हणाला, काकू, माझी किल्ली इथे निम्म्या वेळी उलटीच असायची. मी विचारलं, उलटी म्हणजे? म्हणाला, काकांची खूण होती. जो गावाला गेला त्याची किल्ली भिंतीकडे तोंड करून टांगायचे. म्हणजे रोज कोणाचं घर बघायचं ते एका नजरेत कळतं. माणूस परत आला की सरळ करायचे. मला म्हणायचे, तुझी सरळ करून करून हुक झिजला.

मी म्हटलं, मला हे माहीत होतं.

मग तो म्हणाला, त्या दिवशी तुम्ही वर कुलूप लावून फाइल घेऊन येत होतात तेव्हा काका मला म्हणाले, दोन मिनिटं थांब, दुकानात जाऊन येतो. धड उभं राहवत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, काका, दुकान कुठे जातंय? तरी गेले.

डबे उद्या उचलू म्हणून त्याला घरी पाठवलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी सात: आज दुकान झाडून घ्यायचं आहे, किल्लीसारख्या गोष्टीला वेळ नाही.

अकरा: डबे गेले. कानशी ठेवून घेतल्या. कपाट गेलं.

दोन: नणंद आली. काल ड्रायव्हर तिला बाजारात भेटला होता. म्हणाली, वहिनी, तुझी किल्ली दे, त्या उरलेल्या किल्लीशेजारी धरून बघते, एक मिनिटाचं काम. म्हटलं, डोळ्याने जुळवणं शास्त्रीय नाही. मग दाराला लाव, म्हणाली. म्हटलं, गुडघे दुखतात, आज जिना चढणार नाही. ती म्हणाली, रात्री दुकानात झोपणार आहेस का?

साडेचार: पुस्तकाचा शेवटचा धडा. माहिती बाहेर येते हे बहुतेकांना मान्य आहे, नेमकी कशी येते यावर अजून वाद आहेत. इतकी पानं वाचायला लावून शेवटी हे सांगतात.

सहा: जिना चढले. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. दुसरी किल्ली पर्समध्ये होती, ती पर्समध्येच राहिली. हॉस्पिटलकडे ह्यांची किल्ली आहे तोवर हे प्रकरण संपलं असं म्हणता येणार नाही, आणि ते संपवण्याची घाई मला नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी नऊ: दुकान सेक्रेटरींच्या ताब्यात दिलं. त्यांनी स्वतः फळी काढून वर आणून दिली. स्क्रू कागदात बांधून दिले. म्हणाले, वहिनी, माझीही एक किल्ली त्यांच्याकडे असती तर बरं झालं असतं. आता काय उपयोग. त्यांच्याबद्दल तेरा तारखेला लिहिलेलं उंचीचं वाक्य खोडावं असं वाटलं. खोडलं नाही, कारण उंची तेवढीच आहे.

अकरा वाजून दहा मिनिटं: एकोणचाळीस ही अर्धवट संख्या वाटते. चाळीस पूर्ण व्हावीत, एवढ्याचसाठी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि गोल डोक्याची किल्ली लावली.

खट.

अडली. जरा मागे घेतली.

खट.

दुपारी एक: हॉस्पिटलला पाचवं पत्र. किल्ली मिळाली आहे, तक्रार मागे घेत आहे, झालेल्या त्रासाबद्दल माफी असावी. तिसऱ्या मजल्याबद्दलचं विधानही मागे घेत आहे. कुठे मिळाली ते लिहिलं नाही.

संध्याकाळी सात: फळी दाराच्या आतल्या बाजूला लावली. नणंदेने धरली, मी स्क्रू पिळले. तिरकी बसली आहे. चाळीस हूक, एक किल्ली. सरळ टांगली. नणंद गेल्यावर उलटी केली.

यात शास्त्रीय काही नाही.